पाणाईची चक्री

हंबीररावांच्या अंगणात माणूस मावत नव्हता. स्वयंपाकघरात नळाचा सांधा निखळला होता आणि पाणी सोप्यातून अंगणात उतरत होतं. अंगणाच्या कडेला पेव होतं, जमिनीत खणलेलं कोठार. त्यात वर्षाची ज्वारी होती; महायुद्ध संपलं तरी दाणा अजून रेशनवरच मिळायचा. पेवाच्या तोंडाशी मातीचा बांध घातला होता, तो विरघळत चालला होता. पण खोरं कुणाच्याच हातात नव्हतं. सगळ्यांनी हात जोडले होते, कारण सोप्यात नाथाजीबुवा घुमत होते.

"पाणाई रुसलीया," बुवा म्हणाले. "मागल्या खेपेला म्या तिला आवरली. आता ती ऐकंना. या घरात पांढऱ्या पायाची सून हाय. ती भाईर पडू दे, मग थांबल पाणी."

पांढऱ्या पायाची म्हणजे अंजना. तिचं बोचकं दारात आणून ठेवलं होतं. नवरा जोतीराम पलटणीत, पार ब्रह्मदेशात. सासरे हंबीरराव खाली मान घालून उभे. सासू मनुबाई रडत होती, पण "नको" म्हणत नव्हती. असा डाग घेऊन गेलं तर माहेरीही कुणी दारात उभं करणार नाही, हे अंजनाला पक्कं ठाऊक होतं.

या पाणाईचा जन्म तिच्या डोळ्यांदेखत झालेला. गेल्या साली हंबीररावांनी विहिरीवर इंजिन बसवलं, टाकी बांधली आणि घरात नळ आणला. पाणी बंद करायची चावी कुठली, ते माधवनगरचा फिटर सांगायला गेला, तेव्हा घरचे पंगत वाढण्यात गुंतले होते. नव्या पाण्याची पूजा करायची रीत. मनुबाईनं घरामागच्या परड्यात जमिनीतून वर आलेली लोखंडी चक्री पाहिली आणि तिलाच शेंदूर फासला. पुढं दगडांची घुमटी झाली, हात लावायचा नाही असं ठरलं. चावीची देवी झाली, आणि देवी झाली की पुजारी न बोलावता येतो.

अंजना भ्याली होती, पण मागल्या खेपेला असाच नळ फुटला होता, तेव्हाचं एक तिच्या मनातून जात नव्हतं. मंत्र म्हणता म्हणता बुवांनी आपला चेला सिद्धू याला नारळ देऊन परड्यात पिटाळलं होतं. तो परतला तेव्हा पाणी थांबलेलं, आणि त्याचे दोन्ही तळवे शेंदरानं माखलेले. शेंदूर लावायला एक बोट पुरतं. मग दोन्ही हातांनी त्यानं धरलं काय होतं?

"आत्याबाई, जाती मी," ती सासूला म्हणाली. "पण जाताना पाणाईची ओटी भरू द्या."

सवाशिणीला ओटी भरू नको कोण म्हणणार? बुवांचा चेहरा पडला. "लौकर उरक," एवढंच ते पुटपुटले.

अंजना परड्यात जाऊन घुमटीला खेटून बसली. मागोमाग नारळ घेऊन सिद्धू आला आणि थबकला.

"वैनी, सरका जरा."

"ओटी भरतीया. बापयानं जवळ यायचं न्हाई."

सोप्यातून बुवांचा आवाज चढत गेला. "थांब माय, थांब." माय काही थांबेना. "सिद्ध्या, नारळ फोडलास का रं?" सिद्धू नुसता घाम पुसत उभा. तेवढ्यात अंगणातून कुणीतरी ओरडलं, बांध फुटला म्हणून.

अंजनाच्या मनात आलं, आपला अंदाज चुकला तर? सगळ्या घराच्या तोंडचा घास आपल्यापायी जाईल. तिनं घुमटीत दोन्ही हात घातले, चक्री धरली आणि जोर लावला. चक्री फिरली. पुढून एकच कालवा उठला: पाणी वाढलं, देवी कोपली. हंबीरराव धावत परड्यात आले.

"आवं वैनी, तिकडं न्हवं," सिद्धू घाबरून बोलून गेला. "उजवीकडं फिरवा, उजवीकडं."

हंबीररावांनी ते ऐकलं. अंजनानं चक्री उजवीकडं आवळत नेली आणि पाणी थांबलं. पेवात थोडं शिरलंच होतं, पण बाकीची ज्वारी वाचली.

हंबीररावांनी सिद्धूची मानगूट धरली, तसा तो भडाभडा बोलला. सकाळी तीर्थ न्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरून त्यानंच नळाचा सांधा ढिला केला होता. मागल्या खेपेला अंजना त्याच्या तळव्यांकडं बघत राहिली ते बुवांना खुपलं होतं, म्हणून तिलाच घराबाहेर काढायचं होतं. बुवा जोडे न घालताच मळ्याच्या वाटेला लागले होते.

"माजं चुकलं, पोरी," मनुबाई म्हणाली. अंजनाला राग आला होता, तो तिनं लपवला नाही. "बोचकं तुमीच बांधलंसा, आत्याबाई," ती म्हणाली. मग तिनं सासूचा हात धरून चक्रीवर ठेवला. "फिरवा. तुमीच बघा."

मनुबाईनं पाणी सोडलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा सोडलं. कुठली देवी कोपली नाही.

दुसऱ्या दिवशी अंजनानं घुमटीचे दगड काढले, चक्री रॉकेलनं पुसली आणि भिंतीवर डांबरानं लिहिलं: "घराचं पाणी इथून बंद होतं." मनुबाई बघत होती. "मला कुठं वाचाय येतंय? बंद कुनीकडं, त्यो बाण काड," ती म्हणाली. अंजनानं बाण काढला. मनुबाईनं त्यावर बोट फिरवून पाहिलं आणि शेजारणींना बोलावून आणलं.

वाचकहो, देव मानायचा त्यानं मानावा. पण घरातल्या पाण्याची चावी कुठं आहे आणि ती कुठल्या बाजूला फिरते, हे आजच पाहून तिथं खूण करा, आणि घरातल्या थोरापोरांना, विशेषतः सुनांना, दाखवून ठेवा. जे आपल्याला माहीत नसतं, त्याच्याच जोरावर दुसरा कुणीतरी बुवा होतो.