अळ्यांचं माहेरपण

पलूसच्या शिवारात गुणमालाला झेंडूची स्वप्नं पडायची. सऱ्यांमधनं केशरी पाणी वाहतंय आणि आपण त्यात अनवाणी चालतोय, असं. जाग आल्यावरही तळव्यांना गारवा जाणवायचा. आता चारी बाजूंनी ऊसच ऊस असताना हे असलं खूळ कुणाच्या डोक्यात यावं? पण आलं खरं. नवऱ्याकडं, वर्धमानकडं, हट्ट धरून तिनं अर्धा एकर मागून घेतला. त्यानं अट घातली. दसऱ्याला फूल निघालं तर रान तिचं, नाहीतर तिथं परत ऊस.

रोपं तरारली, कळ्या धरल्या आणि जैनांच्या ऐन दशलक्षण पर्वात अळी पडली. पर्वाच्या दहा दिवसांत जीव मारायचा नाही, हा तिचा माहेरापासूनचा नेम. शेजारचा तानाजी फौजेतनं रिटायर झालेला, त्याचाही झेंडूच. त्यानं पाठीवर पंप चढवून एका सकाळीत रान धुऊन काढलं. ही मात्र रोज दवातच रानात. अळी बसलेला शेंडा कळीसकट हळूच खुडायचा, पाटीत ठेवायचा आणि ओढ्याकाठच्या झुडपांत नेऊन सोडायचा. त्या गार, धूसर सकाळी तिला स्वप्नातल्याच वाटायच्या.

वर्धमान बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेला तर चारचौघांत म्हणाला, "आमच्याकडं अळ्यांचं माहेरपण चाललंय."

लोक हसले. कानावर आलं तेव्हा तिला लय झोंबलं, पण नेम मोडला नाही.

चूक झाली ती वेगळीच. शेंडा खुडला की झाड फांद्या फोडत बसतं आणि फूल लांबतं. हे शेतकऱ्याच्या पोरीला ठाऊक नव्हतं का? होतं की! अळ्यांच्या काळजीत विसरली, झालं. दसरा उजाडला तेव्हा तानाजीचं रान केशरी आणि हिचं हिरवंगार. दाराच्या तोरणालासुद्धा फुलं त्याच्याकडनं मागून आणावी लागली. वर्धमान तडक जाऊन उसाचं बेणं सांगून आला. गुणमाला बांधावर बसून पोटभर रडली.

पण उंब्रजपासून सांगलीपर्यंत सगळ्यांनी झेंडूला दसऱ्याचाच दिवस धरलेला. बाजारात फुलांचे डोंगर झाले, विचारतंय कोण? तानाजी अर्धा टेम्पो तिथंच ओतून आला आणि वैतागून बाकीच्यांसारखा त्यानंही झेंडू उपटून टाकला.

दसऱ्यापासून रानाकडं न फिरकलेली गुणमाला वसुबारसेच्या सकाळी तिथं आली आणि जागच्या जागी थांबली. जिथं जिथं एक शेंडा खुडला होता, तिथं चार चार फांद्या आणि प्रत्येकीवर फूल. सऱ्या दिसतच नव्हत्या. स्वप्नातलं पाणी शिवारात उतरलं होतं. दिवाळी तोंडावर आलेली आणि आसपास कुणाकडं फूल नाही, म्हणून सांगलीचे दोन व्यापारी आधीच बांधावर येऊन उभे होते.

तेवढ्यात बेण्याचा ट्रॅक्टर घेऊन वर्धमान आला. त्यानं रान बघितलं, ट्रॅक्टर बंद केला आणि बराच वेळ खाली उतरलाच नाही. मग हळूच जवळ येऊन म्हणाला, "बेणं तानाजीला देऊन टाकतो, त्याचं रान मोकळंच हाय."

आणि पायाकडं बघत पुढं म्हणाला, "फुडल्या पर्वात अळ्यांना माहेरी पोचवायला मीबी येतो."

गुणमालाचे डोळे भरून आले. तिनं तीच पाटी त्याच्या हातात दिली.

"त्ये फुडल्या वर्साचं. आवं, आदी तोडणीला लागा."