लॉगिनवाली

फी नाही म्हटल्यावर थोरलीने आधी नाक मुरडलं.

"फुकट कोण शिकवतं गं आजकाल?"

"फुकट नाही, ताई. सर अ‍ॅपची कामं आधीच विकतात. दुकानवाले, दवाखानेवाले आगाऊ पैसे देतात, त्यावर वर्ग चालतो. आणि ती अ‍ॅप आम्हीच करायची. करता करता शिकायचं."

"म्हणजे चूल पेटवायच्या आधीच पाहुणे बोलावून ठेवायचे!" थोरली म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली.

दोघी बहिणी कपड्यांच्या एकाच कारखान्यात कामाला होत्या. थोरली शर्टाच्या कॉलरी लावायची, धाकटी कफ शिवायची. इतकी वर्षं कफ शिवूनही आख्खा शर्ट तिने कधी शिवला नव्हता. तिला तसा कुणी शिवू दिला नव्हता. तीच गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. एखादी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातून व्हावी, आणि त्याच्या जोरावर कुठेतरी नोकरी मिळावी, एवढंच तिला हवं होतं. थोरली टोमणे मारायची, पण शेवटी तीच म्हणाली, "या वर्षी घर मी ओढते. पुढच्या वर्षी तू."

वर्ग एका रंगाच्या दुकानाच्या वर भरायचा. खोलीत टर्पेंटाइनचा वास कायम. खुर्च्या जिथून मिळतील तिथून आणलेल्या, त्यामुळे कुणी टेबलाच्या वर, तर कुणाची हनुवटी टेबलाला टेकलेली. सर पूर्वी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. पहिले काही आठवडे त्यांनी जे शिकवलं, ते धाकटी जन्मात विसरली नसती. फोनवर टाकलेलं एक नाव तिथून निघतं, दूरच्या मशीनपर्यंत जातं, तिथे कशात साठतं, परत कसं येतं, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मग म्हणाले, "आता प्रत्येकाने एकट्याने एक छोटं अ‍ॅप करायचं. घरखर्चाची नोंद ठेवणारं. कुणाला विचारायचं नाही, मला सोडून."

ते अ‍ॅप कुणाचंच पुरं झालं नाही. मध्येच पहिली ऑर्डर आली.

ऑर्डरी सरांचा मेहुणा आणायचा. तोंडाने भलता गोड माणूस. लाँड्रीवाल्याला त्याने अ‍ॅप विकलं तेव्हा वर्गात कुणाला धड बटणही करता येत नव्हतं. वर तारीखही कबूल करून आला. सरांनी डोक्याला हात लावला, पण ते आगाऊ पैसे भाड्यात आणि कॉम्प्युटरमध्ये केव्हाच गेले होते. मग त्यांनी कामाची वाटणी केली. "सगळ्यांनी सगळं शिकत बसलो तर हे व्हायचं नाही. सध्या ज्याला जे पटकन जमतं, त्याने ते करायचं."

धाकटीला लॉगिनचं पान पटकन जमलं. नाव, पासवर्ड, चुकला तर लाल अक्षरं, विसरला तर फोनवर आकडे पाठवायचे. एकीला याद्या जमल्या, एकीला पैसे भरायचं पान. लाँड्रीचं अ‍ॅप वेळेवर गेलं. टाळ्या वाजल्या. लगेच फुलवाल्याचं काम आलं, मग व्यायामशाळेचं. मेहुणा एक काम संपायच्या आत दुसरं विकून मोकळा. माणसांना कामावरूनच नावं पडली. यादीवाली, लॉगिनवाली, आणि पैसेवाली, जिच्या पर्समध्ये कधी सुटे पैसेसुद्धा नसायचे. सगळे त्यावर हसायचे, पैसेवाली सगळ्यांत जास्त.

धाकटीचा हात इतका बसला की लॉगिन ती दुपारच्या चहाच्या आत उरकायची. मागच्या अ‍ॅपमधलं उचलायचं, रंग बदलायचे, दुकानाचं चित्र बदलायचं. उरलेल्या वेळात पुढच्या ऑर्डरचं लॉगिन.

वर्षाअखेरीला एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. थोरलीने आपला चांगला दुपट्टा तिच्या खांद्यावर टाकला आणि पुन्हा काढून नीट टाकला.

मुलाखत घेणारी बाई वयाने धाकटीएवढीच होती आणि वागायला चांगली होती. तिने चहा मागवला, म्हणाली, "घाबरू नका, सोपं आहे. पुस्तकाचं नाव लिहायचं, ते यादीत दिसायला हवं, आणि अ‍ॅप बंद करून उघडलं तरी तिथेच राहायला हवं. बस. मी तासाभराने येते."

धाकटीने लॉगिनचं पान केलं. फार सुरेख केलं. मग पुढे काय करायचं याचा विचार करत बसली. फळ्यावरचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहत होतं, पण बोटांना त्यातलं काहीच येत नव्हतं. मग तिने पासवर्डचा डबा जरा वर घेतला. परत खाली घेतला.

बाई आली. तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, पुढे पांढरं पान आलं.

"दार छान झालंय," ती हळूच म्हणाली. "आत काय आहे?"

बाईने तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. ते न विचारणं धाकटीला जास्त लागलं.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. थोरली कांदा चिरत होती. सुरी थांबवून तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे तू तिथेही कफच शिवत होतीस," ती म्हणाली.

"असं नाहीये ताई."

"मग कसं आहे?"

थोरली पुन्हा चिरायला लागली. "कारखान्यात निदान महिन्याला पगार तरी येतो गं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. ती फार थकली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोचल्या पोचल्या धाकटी यादीवालीच्या शेजारी जाऊन बसली. "मला जरा याद्या दाखव ना. मी तुला लॉगिन दाखवते."

यादीवालीने स्क्रीन थोडी पलीकडे वळवली. "लॉगिन घेऊन मी काय करू? आणि तुला याद्या आल्या की माझी काय गरज राहणार, सांग बघू?"

"मी तुझ्या पोटावर पाय द्यायला आले नाहीये गं."

"हो का? सगळ्या असंच म्हणतात." पण तिचे डोळे भरून आले होते. मागच्याच आठवड्यात तीही एका मुलाखतीहून परत आली होती. तिला लॉगिन येत नव्हतं.

मग धाकटी सरांकडे गेली. सर हिशेबात मान खाली घालून बसले होते.

"सर, मला नोकरी मिळाली नाही. मला लॉगिनशिवाय काही येत नाही."

"तुझ्यासारखं लॉगिन कुणाला जमतं?"

"तेच तर म्हणतेय, सर."

सरांनी चष्मा काढला. "तुला वाटतं मला हे आवडतं? मला शिकवायचं होतं गं. आता मेहुणा विकतो आणि मी त्याच्या मागे धावतो. प्राण्यांच्या दवाखान्याचं काम परवा द्यायचंय. त्यांचे पैसे नव्या तुकडीच्या कॉम्प्युटरमध्ये गेले. दिलं नाही तर वर्गाला कुलूप. मग तूही गेलीस, ती नवी पोरंही गेली."

"मला यादीवर बसवा. मी शिकून घेईन."

"मग लॉगिन कोण करणार?"

"कुणीही करेल. सोपं आहे ते."

"आज सोपं आहे तुला. नव्या माणसाचे चार दिवस त्यात जातील." सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "एक कर. नव्या तुकडीतली एक पोरगी चुणचुणीत आहे. तिला आजच्या आज लॉगिनवर तयार कर. तिने दवाखान्याचं पान नीट केलं, तर उद्यापासून तू यादीवर. शब्द देतो. नाही केलं, तर मात्र तूच."

ती पोरगी झेरॉक्सच्या दुकानातलं काम सोडून आली होती. बोटांवर शाईचे डाग अजून होते. एकदा सांगितलं की पुरे. दुपारपर्यंत तिने नावाचा डबा, पासवर्डचा डबा, लाल अक्षरं, सगळं केलं. धाकटीच्या छातीवरचं ओझं हलकं व्हायला लागलं. फक्त फोनवर आकडे पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात पोरीने हात थांबवला.

"मी आख्खं अ‍ॅप एकदा उघडून बघू का? कुत्र्याला सुई कधी द्यायची ते कुठे लिहून ठेवतात, कसं दिसतं? तेवढं कळलं की माझं पानही चांगलं होईल."

धाकटीला ठाऊक होतं की हा प्रश्न बरोबर आहे. आख्खं उघडलं की पोरगी आणखी विचारणार, तिला सांगावं लागणार, निम्मं धाकटीला स्वतःलाच येत नाही, ते यादीवालीला विचारावं लागणार. दुपार त्यातच जाणार. संध्याकाळी सर येऊन बघतील आणि पान अर्धवट असेल.

"आत्ता नको," ती म्हणाली.

"मग केव्हा?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी? तुझं पान नीट कर."

आवाज फार चढला. पलीकडून पैसेवालीने मान वर करून पाहिलं आणि लगेच खाली घातली. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

"बरं, मॅडम," ती म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

धाकटीला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. ती उठली आणि यादीच्या मशीनजवळच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. यादीवालीने तिच्याकडे पाहिलं नाही. खुर्ची फार उंच होती. ती खाली कशी करायची ते धाकटीला सापडेना. पोरगी सकाळी याच खुर्चीवर बसली होती, तिला नक्की माहीत असतं. पण तिला विचारायला मागे वळायची धाकटीची हिंमत झाली नाही. ती तशीच, पाय लोंबकळत, बसून राहिली.