पोटावरचे तीन डाग

"छाती फुगव," सेवकराम कंपाउंडर म्हणाला. पुनारामने फुगवली. सेवकरामने टेप वाचली. "एकतीस, साहेब."

"तीससुद्धा चालते आता," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "लिहा, फिट."

अर्जुनीकडच्या रानपट्ट्यातल्या दवाखान्यात सैन्यभरती चालू होती. वीस वर्षांत सेवकरामने टेपेचा आकडा कधी फिरवला नव्हता. फिरत होते ते सरकार. तीन वर्षांपूर्वी, १९४० साली, याच डॉक्टरांनी पुनारामच्या पोटावरचे तीन काळे डाग पाहून त्याला हाकलले होते. तापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की इकडच्या आया तापल्या विळ्याने लेकराचे पोट डागत. "असला कचरा पलटणीत नको," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. पुढे युद्ध लांबले, माणसे कमी पडली आणि कचऱ्याचा शिपाई झाला.

सेवकरामने पुनारामच्या डाव्या बरगडीखाली बोटे दाबली. "साहेब, पानथरी अजून हाताला लागते."

"नियम बदलला आहे. पानथरीला कळवा."

टेबलाशी नोंदी लिहिणारे कारकून हसले. पुनारामही हसला. "कंपाउंडरबाबू, मले चिठ्ठी द्या ना. मंगलीच्या बापाले दाखवतो."

"कायची चिठ्ठी?"

"पास झाल्याची. मागं नापास झालो त त्यानं सोयरीक मोडली. म्हणे, सरकारले नाई चालला तो मले काऊन चालन? आता लगन लावतो, न मंग धान कापाले जातो."

सेवकरामचा हात टेपेवरच थांबला. "अरे येड्या, अंगठा देल्ला का?"

"सकाळीच देल्ला."

"तो पलटणीचा कागद होता. बाहेर लॉरी उभी हाये, तिच्यातच जा लागते."

पुनारामने दाराबाहेर पाहिले. मग सदरा छातीशी धरून हळूच विचारले, "मंग मंगलीचा बाप कसा मानन?"

"पुढचा!" डॉक्टर ओरडले.

लॉरी पुनारामला घेऊन गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी सेवकराम चार कोस चालत मंगलीच्या गावी गेला. औषधाच्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते: पुनाराम, छाती एकतीस इंच, प्रकृती निकोप. वीस वर्षांत त्याने लिहिलेले हे पहिले खोटे.

मंगलीच्या म्हाताऱ्या बापाने कागद वाचून घेतला, घडी घालून छपराच्या बांबूत खोवला.

"सोयरीक पक्की," तो म्हणाला. "पाठवा पोराले."

मंगलीने पाण्याचा लोटा पुढे केला. सेवकरामने तो रिकामा करून परत दिला, तेव्हा तिच्याकडे त्याला पाहवले नाही.