आरतीला उठवणारी पावडर

कसबा बावड्यातल्या मारुतीच्या देवळात शनिवारी भजन असतं आणि तात्या तिथं पखवाज वाजवतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा माणूस. वाजवण्याची अडचण नव्हती. अडचण आरतीला यायची, कारण आरतीला उठावं लागतं.

महिनाभरापासून मांड्यांत जीवच नव्हता. पहिल्या शनिवारी तात्यांनी आरतीभर सतरंजीखाली चष्मा शोधला. चष्मा नाकावर होता. दुसऱ्या शनिवारपासून वाऱ्याचं निमित्त सांगून ते खांबाजवळ सरकले आणि सगळ्यांचे डोळे मिटले की खांबाला मिठी मारून उभे राहू लागले. लोकांना वाटलं, भक्ती वाढली. पण कुणी बघितलं असतं तर प्लास्टिकची खुर्ची आली असती. गेल्या दिवाळीत भजनातल्याच बाळासोंना ती मिळाली आणि तेव्हापासून ते नुसत्या टाळ्या वाजवतात. खुर्चीत बसून पखवाज वाजत नाही.

म्हणून तात्या ताकदीची काहीतरी स्वस्तातली वस्तू शोधायला लागले. विचारताना पुतण्याचं नाव पुढं करायचे. मंडळात झांजा धरणारे गणपतराव म्हणाले, पुतण्याला म्हशी पिळतात त्या कट्ट्यावर आणा, म्हशीचं धारोष्ण दूध पाजा, मी रोज पितो, बघा. सून तेजस्वी हिनं मोबाईलवर एक डबा दाखवला. त्यावर उघडा पैलवान होता आणि किंमत तात्यांच्या महिन्याच्या पेन्शनीला खाली बसवणारी. मोबाईलमधला एक डॉक्टर मॅग्नेशियम दुधातून घ्या म्हणत होता, दुसरा दुधाचं नावही काढू नका म्हणत होता. दोघांच्याही खाली लाखभर लोकांनी अंगठा वर केलेला. तात्यांच्या बायकोनं, कालिंदीकाकूंनी, नाचणीची आंबील पुढ्यात ठेवली. तात्यांनी कुणालाच दुखवायचं नाही असं ठरवून आठवडाभर आंबील, दूध, भिजवलेले शेंगदाणे आणि डिंकाचे लाडू असं सगळं घेतलं. ताकद आली, पण ती पोटात, आणि तीही आवाजाची.

शेवटी ते जेनेरिक औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवर स्वप्नाली होती. तिच्याकडं सर्वांत स्वस्त ताकदीची पावडर मागितली आणि जाता जाता कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही.

"दोन महिन्यांच्या नेल्या होत्या की. महिन्यात संपल्या?"

"रोज दोन घेतो."

"चिठ्ठीवर एक हाय, तात्या."

"ती म्हागातल्या गोळीची चिठ्ठी. तुमची निम्म्याहून स्वस्त. स्वस्त म्हंजे जोर कमी असणार, म्हणून दोन."

स्वप्नालीनं पावडर परत फळीवर ठेवली. औषध तेच, जोर तोच, फक्त नाव साधं, असं तिनं सांगितलं आणि आजच्या आज डॉक्टरांकडं जा म्हणाली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुप्पट गोळीनंच मांड्यांतला जीव गेलाय म्हणून आवाज चढवला, गोळी काही दिवस बंद केली आणि नंतर एकच चालू करू म्हणाले. तात्यांनी हळूच पावडरीचं विचारलं.

"जेवता का?"

"जेवतो की."

"मग जेवण हीच पावडर."

तात्या गोंधळून घरी आले. काढून घेतल्यावर भर पडते, हे काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला पटेना. पण तीन-चार आठवड्यांनी सकाळी चहाला हाक आली तेव्हा ते जमिनीवरून उठून स्वयंपाकघरात पोचले, आणि उठलो कधी हेच त्यांना आठवेना.

त्या शनिवारी ते पुन्हा मधोमध बसले. आरती सुरू झाली, तात्या खांबाशिवाय उभे राहिले. शेजारी गणपतराव मात्र खालीच, सतरंजीखाली काहीतरी चाचपत.

"काय शोधताय?"

"चष्मा." चष्मा नाकावर होता. गणपतरावांनी आवाज खाली आणला. "पुतण्याला कुठली पावडर दिलीसा?"

तात्यांनी वाकून हात पुढं केला. "पावडर न्हाय. एक गोळी कमी केली. डॉक्टरला इचारून. तुम्ही बी दाखवून या."

गणपतराव हात धरून उठले, धोतर झटकलं आणि तोंड फिरवलं.

"सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे की."