बर्फाखालचे ठोके

टिवादारसारखा हलकट माणूस त्या नदीकाठाने दुसरा पाहिला नसेल. वर्तमानपत्रवाले त्याचे रुबाबदार फोटो छापायचे, दारूबंदीने घसा कोरडा पडलेलं डेट्रॉईट त्याला दुवा द्यायचं. पण त्याच्या गाड्या हाकणाऱ्यांना विचारा! नदी गोठली की पलीकडून, कॅनडातून, व्हिस्कीच्या पेट्या भरून जुनाट मोटारी बर्फावरून आणायच्या. बर्फ फाटला तर उडी मारता यावी म्हणून गाड्यांची दारं काढून टाकलेली. आणि गाडी बुडालीच, तर मागच्यांनी आकडे टाकून आधी पेट्या काढायच्या, मग माणूस. हा टिवादारचा नियम, आणि त्याच्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती.

त्याची गाडी हाकणाऱ्या लायोशचीही नव्हती. त्याच्या बायकोचा, एटेलचा, धाकटा भाऊ मिक्शा त्याच्या डोळ्यांदेखत गाडीसकट बुडाला. पोरगा गाडीतून निसटला, पण प्रवाहाने त्याला बाजूला बर्फाखाली ओढलं. तो खालून मुठी आपटत होता. लायोशच्या हातात कुऱ्हाड होती, दोन घाव पुरले असते. "आधी पेट्या!" टिवादार गरजला, आणि लायोशने, देवा रे, कुऱ्हाड टाकून आकडा उचलला. पेट्या वर येईतो ठोके थांबले. मिक्शा सापडलाच नाही.

एटेल रडली नाही, भांडली नाही. कोबीचं पातेलं त्याच्यापुढे आदळून एवढंच म्हणाली, "माझा भाऊ मला आणून दे. मेलेला आण, पण आण. तोवर तुझं माझं बोलणं बंद." आणि खरंच बंद.

मग ते सुरू झालं. लायोशने बर्फावर गाडी घालायचा अवकाश, की पायाखाली ठक, ठक. बर्फ तडकल्याचा आवाज तिथली शेंबडी पोरंही ओळखतात. हा तो नव्हता. गाडी वळली की ठोकेही वळायचे. लायोशची पार झोप उडाली. मेलेला माणूस ठोके कशाला देईल, हा एकच विचार त्याला पोखरत होता.

त्या दिवशी भर दुपारी नदीवर धुकं उतरलं होतं. कॅनडातल्या व्यापाऱ्याशी स्वतः सौदा करून टिवादार परत निघाला आणि लायोशच्या गाडीत मागे, पेट्यांच्या मध्ये अडकून बसला. त्याच्यासाठी दारं परत बसवली होती.

"मालक, दारं काढू द्या. बर्फ पातळ झालाय."

"मी काय कोबीचं पोतं आहे, उघड्यावरून न्यायला? बायको बोलत नाही म्हणून जिवावर उदार झालास होय रे? हाक गाडी!"

अर्ध्या नदीत ठोके सुरू झाले. आज टिवादारलाही ऐकू आले. त्याने पाय वर उचलून घेतले.

"काय आहे ते?"

"मिक्शा आहे, मालक."

"मेलाय तो!"

"मीही मनाला तेच समजावत होतो."

ठोके गाडीखालून पुढे गेले आणि एका जागी थांबले. लायोशने ब्रेक दाबला. भरलेली गाडी पातळ बर्फावर उभी करणं म्हणजे स्वतःची कबर खणणं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो कुऱ्हाड घेऊन उतरला.

"गोळी घालीन!" टिवादारने पिस्तूल रोखलं.

"घाला की. मग गाडी कोण हाकणार? तुम्ही?"

लायोश घावामागून घाव घालत सुटला. काळं पाणी वर आलं. मागे बर्फ कण्हायला लागला.

"लायोश! अरे बाळा, दार गोठलंय रे! उघडत नाही!"

टिवादारच्या तोंडी बाळा! लायोशला त्या हलकटाची कीव आली, खोटं कशाला बोला. तो वळणारही होता. पण तेवढ्यात भोकातून निळी बोटं वर आली आणि काठ चाचपायला लागली. लायोश पोटावर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून त्याने ते मनगट धरलं. मागे गाडी बुडत गेली, काचेवर धपाधप हात बसत होते, मग तेही बसेनात. लायोश लहान मुलासारखा रडत होता. "सोडणार नाही, मिक्शा. आता नाही सोडणार."

मागच्या गाडीतले तिघे धावत आले. मालक गेला होता, पेट्या पाण्यावर तरंगत होत्या आणि लायोश भोकात हात घालून पडला होता.

"वेड लागलंय याला," त्यांतला होर्वाट म्हणाला. "अरे, तीन आठवडे झाले त्याला जाऊन!"

"धरा रे मला," लायोश म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "जड आहे तो, मला एकट्याला जमत नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पेट्यांना कुणी हात लावला नाही. त्यांनी लायोशचे पाय धरले आणि सगळा जोर लावून ओढलं; आणि खालून, जिवंत माणूस धडपडतो तसं, पाय मारत कुणीतरी वर यायला लागलं.