रंगुबाईची सनई

मित्रांनो, मी जामखेडकडची एक जुनी सनई आहे. माझ्यावाचून लग्न लागत नाही, पण मला वाजवणाऱ्यांची पंगत मात्र मांडवाबाहेर, सोडलेल्या बैलगाड्यांच्या कडेला बसते. हे मी पहिल्यापासून बघत आले आहे.

माझं अंग शिसवीचं. एका म्हाताऱ्या कातार्‍यानं ते घडवलं आणि नगरच्या तांबटानं खालच्या टोकाला पितळेचा कर्णा बसवला. सूर्यभाननं मला हातात घेतलं तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. पुढं त्याच्या वाजवण्याचं नाव झालं. लांबलांबच्या गावांहून सुपाऱ्या येऊ लागल्या. "सूर्यभानची सनई हाय का? मग लगीन दनक्यात हुनार," असं लोक म्हणत, आणि मी पितळेसकट फुलून जाई.

माझ्या तोंडातली पत्ती करायची ती सूर्यभानची बायको रंगुबाई. ताडाचं पान भिजवायचं, तासायचं, दोऱ्यानं आवळायचं आणि मग फुंकून बघायचं. नुसती पत्ती चिरकते. तिचा खरा सूर कळायला ती सनईवर चढवावीच लागते. म्हणून रंगुबाई मला उचलायची. आधी एखादा सूर, मग चार, आणि पुढं पुढं सगळं गाणं. शेजारची कडूबाई म्हणायची, "रंगे, बाईमानसानं सनई फुकू न्हाई." रंगुबाई म्हणायची, "पत्ती बघतीय गं." सूर्यभान दाराबाहेर थांबून ऐकत राही. पण आत आला की काही कानावर पडलंच नाही, असं दाखवी.

मोठी लढाई संपली त्या साली एका ओढ्यात बैलगाडी उलटली आणि जू सूर्यभानच्या तोंडावर आदळलं. पुढचे दात गेले. सनई ओठांवर वाजते खरी, पण ओठांना मागून दातांचा आधार लागतो. सूर्यभान घरी फुंकून बघायचा, आणि माझ्यातून सुराऐवजी वारा आणि थुंकी बाहेर यायची. त्यानं ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. तो मिशा वाढवून ओठ झाकू लागला. रंगुबाई मऊ पत्त्या करून त्याच्याबरोबर लग्नांना जाऊ लागली. कसंबसं निभत होतं.

त्यातच शेवगावकडच्या एका पाटलांची सुपारी आली.

"एवढी एक सोडा, धनी," रंगुबाई म्हणाली. "तिथं लई वाजवावं लागंल."

"सुपारी माज्या नावानं आलीय," सूर्यभान म्हणाला.

नवरदेव घोड्यावर बसला, मारुतीच्या देवळाकडं त्याची मिरवणूक, म्हणजे परण्या निघाला, संबळ घुमू लागला. सूर्यभाननं मला ओठांना लावलं. मी फुसफुसले. त्यानं गाल फुगवून पुन्हा जोर केला. पुन्हा तेच. नवरदेवाचा मामा मोठ्यानं ओरडला, "आरं, वाजंत्री आनलाय का चुलीची फुंकनी?"

सगळा परण्या हसला. मित्रांनो, त्या वेळी मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

गर्दीतून रंगुबाई पुढं आली. तिनं नवऱ्याच्या हातून मला घेतलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाजवायला लागली. हसणं जागच्या जागी थांबलं. कुणीतरी म्हणालं, "अगं बया, बाई सनई वाजवती!" तेव्हा नवरदेवाची आजी मालनबाई दारातून म्हणाली, "वाजव गं पोरी. थांबू नगंस."

त्या दिवशी मी जशी वाजले तशी कधीच वाजले नव्हते. पण सूर्यभान परण्याबरोबर आला नाही. तो गाड्यांजवळ तोंडावर उपरणं घेऊन बसून राहिला.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "चारचौघांत माजं तोंड काळं केलंस."

"मी लाज राखली, धनी."

त्यानं मला तिच्या मांडीवरून हिसकावलं आणि गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर आपटलं. कर्णा चेपला. पहिल्या भोकाच्या वर माझं लाकूड चिरलं. रंगुबाई रडली नाही. तिनं मला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि घरी आल्यावर उतरंडीमागं ठेवून दिलं. त्यानंतर "त्या बाईला घेऊन या" म्हणत माणसं दारी यायची, आणि सूर्यभान खाली बघून सांगायचा, "घरात सनई न्हाई." मी आतून ऐकायचे.

मग त्यांच्या लेकीचं, विजयमालाचं लग्न ठरलं. वाजवायला नगरहून शांतवनला बोलावलं. शांतवन ख्रिस्ती. चर्चमधल्या भजनांनाही तो सनई वाजवी. रंगुबाईची कीर्ती त्याच्या कानावर गेलेली होती. मांडवात त्यानं सनई काढली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मावशी, तुमी घरात आसताना मी वाजवायचं म्हंजी मला लाज वाटती. ही घ्या माजी."

रंगुबाई म्हणाली, "लेकीच्या लग्नात दुसऱ्याची सनई मी धरायची न्हाई. माजी हाय." आणि तिनं नवऱ्याकडं बघितलं.

सगळा मांडव सूर्यभानकडं बघू लागला. तो उठला, उतरंडीमागं गेला. मला मांडवात आणून त्यानं धडपं सोडलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझी चीर उघडी पडली.

"ही कशानं फुटली?" शांतवननं विचारलं.

"माज्या हातानं," सूर्यभान म्हणाला.

रंगुबाईनं पत्ती चढवली, फुंकर घातली. वारा चिरेतून निसटला. तेव्हा सूर्यभान तिच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आणि त्यानं आपला अंगठा माझ्या चिरेवर दाबून धरला. लोक काय म्हणतील या लाजेनं त्याची मान खाली गेली होती, पण अंगठा हलला नाही. विजयमाला बोहल्यावर चढेपर्यंत ती दोघं तशीच उभी होती, आणि मी वाजत होते.

मित्रांनो, लाकूड चिरलं तर लाख भरता येते. माझी चीरही पुढं त्यांनी बुजवली. पण माणसाला चारचौघांत हसलात, तर ती चीर कशानं भरणार? म्हणून वाजवणाऱ्याचा सूर चुकला तर हसू नका. आणि तुमच्या घरात कुणाच्या अंगी गुण असेल तर त्याची लाज बाळगू नका. बाळगलीत, तर एक दिवस तुम्हीच आपल्या हातानं माझ्यासारखं काहीतरी फोडून बसाल.

आता सुपारी द्यायला माणसं आली की विचारतात, "सनई कोन वाजवतं?" सूर्यभान अजूनही क्षणभर खाली बघतो. मग मान वर करून म्हणतो, "माजी बायकू."