दोन तासांवर

बारा वर्षं जोविता फोनवर आईला एकच सांगत आली होती. "हाँगकाँग काय लांब आहे का गं? विमानाने दोन तास. मनिलाहून आपल्या डोंगरात यायला त्याहून कितीतरी जास्त लागतात. तू हाक मार, मी आलेच." म्हातारीने ते गावभर केलं होतं.

विमानात बसायच्या आधी, जिच्याकडे घरकाम करायचं त्या मालकिणीची परवानगी लागते, एवढं मात्र जोविताने कधी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मामाचा फोन आला. "काल तुझी आई गेली. जुन्या पद्धतीनं दाराशी खुर्चीत बसवलीय. तू येईपर्यंत उचलायची नाही असं म्हाताऱ्यांनी ठरवलंय. निघालीस ना?"

"बघते मामा."

"बघतेस काय? दोन तासांवर आहेस ना? इथं तू येईपर्यंत पाहुण्यांसाठी रोज डुक्कर कापावं लागणार. गावातली उरलेली डुकरं तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलीत."

जोविताला हसू आलं, आणि हसता हसता ती सिंकवर वाकून रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली.

मालकीण लाऊबाई नाश्ता करत होत्या. "वाईट झालं. पण रविवारी जा. शनिवारी सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस आहे, वीस माणसं जेवायला येतील. सोमवारी परत ये. दोन तासांचं तर विमान."

"विमान दोन तासांचंच आहे, मॅडम. पुढे रात्रभर बस, मग जीप. आणि आई खुर्चीत बसलीय."

"म्हणजे?"

"मेलेली बसलीय. माझी वाट बघत."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "हे जेवताना सांगायची गरज होती?"

शनिवारच्या टेबलावर मेलेली बदकं चालणार होती, मानेसकट. जोविताची मेलेली आई चालत नव्हती.

"मी आज जाते. आठवड्याने येते."

"आज गेलीस तर परत येऊ नकोस."

हे वाक्य ऐकावं लागू नये म्हणून जोविताने बहिणीचं लग्न सोडलं होतं, बाप आजारी पडला तेव्हा इथेच फरशी पुसली होती. आज ऐकलं, आणि काहीच कोसळलं नाही. ती बाईंच्या खोलीत गेली, खण उघडला, आपला पासपोर्ट काढला.

"तो मी जपून ठेवला होता," बाई दारातून म्हणाल्या.

"छान जपलात. आता मी जपते. गॅसवर पेज आहे, तेवढी उतरवून घ्या."

विमानतळावरून तिने मामाला फोन लावला.

"मामा, दोन तास नुसत्या विमानाचे. घरी पोचायला उद्याची दुपार होईल. आणि सुट्टी मालकिणीच्या हातात असते, हे मी आईला कधी सांगितलंच नव्हतं."

 मामाच्या मागे ढोल, माणसांचा गलका.

"ये तू. म्हातारी बसलीय. बारा वर्षं बसली, उद्या दुपारचं काय घेऊन बसलीस."